भीमथडीची पारख : अश्वलक्षणांची परंपरा आणि खरेदीदाराची दृष्टी

जबलपूर शहराच्या दक्षिण टोकाला, नर्मदेच्या काठी, ग्वारीघाट आहे. अभ्यागत प्राध्यापक म्हणून या शहरात काही महिने राहण्याचा योग आला तेव्हा सकाळी घाटावर जाऊन बसण्याची सवय जडली. परिक्रमावासी, नावाडी, द्रोणांतून फुले व दिवे विकणाऱ्या स्त्रिया यांच्या वर्दळीत, घाटाच्या एका कडेला, वरातीच्या घोड्या बाळगणारे एक वृद्ध गृहस्थ आपल्या घोडीला न्हाऊ घालीत असत. रेंगाळलेले काम एकदाचे पार पडले की मराठीत आपण ‘घोडे गंगेत न्हाले’ असे म्हणतो. त्या वाक्प्रचारातील घोडा येथे प्रत्यक्ष पाहायला मिळत होता. परंतु ज्या घोडीमुळे हा लेख लिहावासा वाटला ती निराळी.

माझे एक स्नेही जबलपूरचे. घराणे मराठी, नागपूरकर भोसल्यांच्या अमलात पूर्वज इकडे आले असे घरात सांगतात. निवृत्तीनंतर भीमथडी जातीची एक घोडी पाळावी असे त्यांच्या मनाने घेतले. बरीच वर्षे शिल्लक टाकलेली रक्कम देऊन एका दलालाच्या मध्यस्थीने त्यांनी महाराष्ट्रातून घोडी आणवली. ती ‘अस्सल भीमथडी’ असल्याची ग्वाही दलालाने दिली होती. घोडी प्रथम ग्वारीघाटावर आणली त्या सकाळी मीही तेथे होतो. वृद्ध घोडेवाल्यांनी तिच्या मानेवरचा भोवरा पाहून समाधानाने मान डोलावली. चारही पाय आणि कपाळ पांढरे पाहून मी ‘पंचकल्याणी’ हा शब्द उच्चारला आणि त्याची संस्कृत परंपराही सांगितली. काही दिवसांनी एका पशुवैद्यकांनी तिचे कान पाहिले. टोके आत वळून एकमेकींना भिडू पाहणारे ते कान मारवाडी रक्ताची साक्ष देत होते. घोडी निरोगी होती, देखणी होती. पण ती भीमथडी नव्हती.

ते कान मीही पाहिले होते. मला ते सुंदर वाटले, आणि सुंदर वाटल्यामुळेच मी पुढचा प्रश्न विचारला नाही. ही चूक व्यक्तिगत खरी, परंतु तिचे मूळ वाङ्मयीन आहे असे आता वाटते. घोडा पाहण्याची माझी दृष्टी ज्या ग्रंथांनी आणि शब्दकोशांनी घडवली होती, ते ग्रंथ भीमथडीच्या घोड्याविषयी लिहिलेले नव्हतेच. घोड्याची ओळख ठरविण्याचे चार मार्ग आपल्या परंपरेत एकमेकांवर साचत गेलेले दिसतात : देश, लक्षण, वंशावळ आणि समूह. यांतील कोणत्या मार्गाने आपण पाहतो आहोत याचे भान नसेल तर खरेदीदार फसतो. पण त्याहून मोठी हानी जातीची होते. या चार मार्गांचा उलगडा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

देश : नामकोशांतील घोडे

अमरकोशात घोड्यांची जी नावे येतात त्यांत वनायुज, पारसीक, कांबोज आणि बाह्लिक ही ठळक आहेत. ही सर्व नावे देशवाचक आहेत, आणि ते सर्व देश पश्चिमेचे वा वायव्येचे आहेत. उत्तम घोडा म्हणजे दुरून आलेला घोडा, हा संकेत संस्कृत वाङ्मयात इतका दृढ आहे की दख्खनच्या घोड्याला त्या यादीत जागाच उरत नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ दख्खनच्या मातीतला. जुन्या मराठी पद्याचे नमुने त्यात सापडतात म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो विशेष परिचित आहे. त्यात घोड्यांची परीक्षा आहे, घोड्यावर बसून चेंडू खेळण्याच्या वाजिवाह्यालिविनोदाचे सविस्तर वर्णनही आहे. पण हा राजाचा घोडा आहे. दख्खनच्या माळावर ओझे वाहणारा घोडा या विनोदात येत नाही.

याच शतकात हेमचंद्राने ‘अभिधानचिंतामणी’त घोड्यांच्या रंगांची जी नावे दिली आहेत ती तुलनाकारांनी अवश्य पाहावीत. खोंगाह, सेराह, वोल्लाह, कियाह अशी ही नावे कानाला संस्कृत वाटत नाहीत. घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर ती बाहेरून आली. हेमचंद्राने मात्र त्यांना संस्कृत व्युत्पत्ती देऊन कोशात सामावून घेतले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी घोड्यांच्या अशा नावांच्या इतिहासावर आवर्जून लिहिले आहे.

पाच शतकांनंतर प्रवाह उलटा वाहिला. शिवकालात, १६७७-७८ च्या सुमारास, रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले गेले. त्यात सैन्यासाठी स्वतंत्र चतुरंगवर्ग आहे. तरीही पागा, बारगीर, शिलेदार हे शब्द मराठीतून गेले नाहीत. अबलख, कुमाईत, मुश्की ही रंगवाचक नावेही टिकून राहिली. हेमचंद्राच्या वेळी परका शब्द आत आला आणि संस्कृत ठरला. रघुनाथ पंडितांच्या वेळी तो परका ठरवूनही बाहेर गेला नाही. दोन्ही वेळा घोड्याबरोबर शब्द चालत आला होता.

या पार्श्वभूमीवर ‘भीमथडी’ हे नाव वेगळे पडते. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचा तो भीमथडी. पुणे जिल्ह्यात या नावाचा तालुका ब्रिटिश अमदानीत होता. आजचा दौंड-बारामतीचा परिसर त्यात मोडत असे. नाव देशवाचकच आहे, पण तो देश वनायु किंवा बाह्लिक नाही. अमुक दिवसांच्या मुक्कामावर, पायी गाठता येईल असा तो मुलूख आहे. उत्तम घोड्याला जवळचे गाव देणारे हे नाव कोशकारांनी दिले नाही. ते व्यवहाराने दिले.

लक्षण : आवर्त, भोवरा, भौंरी

दुसरा मार्ग लक्षणांचा. शालिहोत्र या ऋषीच्या नावावर अश्वविद्येची एक दीर्घ परंपरा उभी आहे. नकुलाच्या नावावरचे ‘अश्वचिकित्सित’ आणि जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ हे तिचे दोन परिचित ग्रंथ. कलकत्त्याच्या बिब्लिओथिका इंडिका मालेत ते एकोणिसाव्या शतकात छापले गेले. या परंपरेचे सामर्थ्य असे की ऋषीचे नाव धंद्याचे नाव झाले. घोड्यांवर उपचार करणाऱ्याला मराठीत ‘सालोत्री’ आणि हिंदीत ‘सलोतरी’ म्हणत. शालिहोत्राची फारसीत भाषांतरे झाली, आणि तेथे ती ‘फरसनामा’ या प्रकाराला मिळाली. उर्दू कवी सआदत यार खाँ रंगीन (१७५७-१८३५) वाङ्मयेतिहासात रेख्तीसाठी, म्हणजे स्त्रीच्या बोलीतील कवितेसाठी, प्रसिद्ध आहे. त्यानेच घोड्यांवर ‘फरसनामा’ लिहिला. तो शिपाई होता आणि काही काळ घोड्यांचा व्यापारही करीत असे. या फरसनाम्याचे फिलट यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९११ साली प्रसिद्ध झाले.

या सर्व ग्रंथांत एका लक्षणाला फार मोठी जागा आहे. ते म्हणजे अंगावरील केसांचे वळण. संस्कृतात त्याला आवर्त म्हणतात, मराठीत भोवरा आणि ग्वारीघाटावरच्या हिंदीत भौंरी. गळ्यावरचा ‘देवमण’ शुभ. डोळ्याखालचा भोवरा अश्रू ढाळणारा म्हणून अशुभ. पायावरच्या भोवऱ्याचे टोक खाली असेल तर खुंटा रोवणारा आणि वर असेल तर खुंटा उपटणारा. घोडेवाल्यांनी कोणताही ग्रंथ वाचलेला नव्हता, परंतु त्यांच्या बोटाने दाखविलेली जागा ग्रंथातलीच होती. मौखिक आणि लिखित परंपरा एकमेकींना किती घट्ट धरून असतात याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला वर्गात देता आले नसते.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. भोवरा नेमके कशाविषयी सांगतो? तो घोड्याच्या पायांविषयी, श्वासाविषयी किंवा वयाविषयी काहीच सांगत नाही. तो सांगतो ते मालकाच्या भाग्याविषयी. म्हणजे लक्षणशास्त्राच्या या भागात घोडा ही संहिता असली तरी तिचा विषय घोडा नसून खरेदीदार आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफनने घोडेस्वारीवर जो ग्रंथ लिहिला त्याचा आरंभ खरेदीत फसू नये कसे यापासूनच होतो. तो खुरांपासून पाहायला सांगतो, कारण पाया कच्चा असेल तर वरचे घर देखणे असून उपयोग नाही. तेथून तो वर चढत जातो. भारतीय ग्रंथांत अवयवपरीक्षा नाही असे मुळीच नाही. ती आहे आणि सूक्ष्म आहे. परंतु लोकव्यवहारात उतरताना त्या ग्रंथांतला शुभाशुभाचा भाग अधिक टिकला आणि खुराचा भाग मागे पडला. बाजारात आज भोवऱ्यामुळे किंमत चढते वा उतरते. खूर उचलून पाहणारे गिऱ्हाईक मात्र क्वचित आढळते.

तट्टू : एका शब्दाची पडझड

लक्षणग्रंथांनी ज्याची दखल घेतली नाही त्या घोड्याला मराठीने ‘तट्टू’ म्हटले. उंचीने लहान, अंगाने भरीव, ओझ्याला आणि लांबच्या मजलेला टिकणारा असा हा घोडा. पण ‘भाडोत्री तट्टू’ असे आपण पैशासाठी कोणाचीही बाजू घेणाऱ्याला म्हणतो. हिंदीतही ‘भाड़े का टट्टू’ हाच अर्थ देतो. प्राण्याचा कष्टाळूपणा दोन्ही भाषांत मानहानीचा विषय झाला.

या शब्दाला प्रतिष्ठा देणारे आधुनिक उदाहरण सर्वांच्या तोंडी आहे. राजा बढे यांचे महाराष्ट्रगीत २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले. त्यात भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजण्याचे आवाहन आहे, आणि त्याच कडव्यात नद्यांची जी नामावळी येते तिचा आरंभ रेवेपासून, म्हणजे नर्मदेपासून, होतो. ग्वारीघाटावर बसून या गीताचा विचार करताना जाणवते की भीमेकडून यमुनेकडे जाणाऱ्या तट्टाला ही नदी ओलांडावीच लागते. हा केवळ कविसंकेत नाही. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले तेव्हा जबलपूर मराठी अमलाखाली आले. पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ साली इंग्रजांनी ते घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिले.

या हालचालींचा कणा घोडा होता, आणि घोड्याशी असलेल्या नात्यावरूनच स्वाराचे नाव ठरे. सरकारी पागेतील घोड्यावर बसतो तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. शिलेदाराच्या दृष्टीने घोडा हे त्याचे भांडवल असे. तो मेला तर चाकरीतील त्याची जागाच डळमळे. अशा माणसाची पारख भोवऱ्यावर थांबून चालणारी नव्हती. थोड्या चाऱ्यावर जगणारा, खडकाळ वाटेवर खूर न झिजणारा घोडा त्याला हवा होता. ही पारख फारशी ग्रंथबद्ध झाली नाही. ती वापरणाऱ्यांबरोबर राहिली आणि राज्य गेल्यावर धनगरांच्या वाड्यावर गेली. पावसाळा संपला की मेंढ्यांबरोबर निघणाऱ्या बिऱ्हाडाचे सामान, कोकरे आणि लहान मुले पाठीवर घेऊन चालणारी ही लहानखुरी घोडी आजही पश्चिम महाराष्ट्रात दिसते. भीमथडी जात टिकली ती मुख्यतः या स्थलांतरामुळे.

वंशावळ आणि समूह

तिसरा मार्ग युरोपातून आला. इंग्लंडमध्ये १७९१ साली शर्यतीच्या घोड्यांची वंशावळनोंद प्रथम छापली गेली. तेव्हापासून घोड्याची जात म्हणजे कागदावर सिद्ध करता येणारी आई-बापांची साखळी, ही कल्पना जगभर पसरली. ‘अस्सल’ हा शब्द आपण आज वापरतो तो बहुधा याच अर्थाने. भीमथडीला ही कसोटी जशीच्या तशी लावता येत नाही. स्थानिक तट्टे आणि बाहेरून आलेले अरबी व तुर्की घोडे यांच्या मिश्रणातून ही जात घडली असे परंपरेने मानले जाते. तिची वंशावळ लिहून ठेवणारा वर्ग तिचा मालक नव्हता. मेंढपाळाला घोडीची आजी आठवते. पण ती आठवण वहीत नसते.

चौथा मार्ग आपल्या काळातला आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे देशी पशूंच्या जातींची नोंद होते. घोड्यांच्या भूतिया, काठियावाडी, मणिपुरी, मारवाडी, स्पिती, झांस्कारी आणि कच्छी-सिंधी या सात जाती तेथे आधी नोंदलेल्या होत्या. २०२४ च्या सुमारास भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून त्यांत आली. या नोंदीचा आधार एकट्या घोड्याची वंशावळ नसतो. एका प्रदेशातील समूहाची मोजमापे, उपयोग आणि आनुवंशिक वेगळेपण तेथे पाहिले जाते. साहित्याच्या भाषेत सांगायचे तर येथे एका कृतीचे कर्तृत्व ठरवले जात नाही. एका प्रकाराचे अस्तित्व मान्य केले जाते.

खरेदीदाराच्या दृष्टीने हा भेद निर्णायक आहे. जात नोंदली गेली म्हणजे बाजारात त्या नावाने विकली जाणारी प्रत्येक घोडी त्या जातीची ठरत नाही. उलट नोंदीमुळे नावाला किंमत येते आणि नाव वापरण्याचा मोह वाढतो. माझ्या स्नेह्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले.

खरेदी : प्रश्नांचा क्रम

महाराष्ट्रातील घोड्यांच्या मोठ्या बाजारांत तापीकाठच्या सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा प्रसिद्ध आहे. अशा बाजारांत मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचा बोलबाला असतो आणि पाहणाऱ्याची अभिरुची त्यांवरच घडते : उंची, लांब मान, आत वळलेले कान, नाचरी चाल. या जाती आपल्या ठिकाणी थोरच आहेत. अडचण येते ती त्यांचे मानदंड भीमथडीला लावले की. लहान उंची ‘कमी’ वाटते, सरळ कान ‘साधे’ वाटतात. मग पैदास करणारा भीमथडी घोडीला उंच मारवाडी घोडा दाखवतो, शिंगराला चांगली किंमत येते, आणि दोन-तीन पिढ्यांत जात नावापुरती उरते. जातीवर प्रेम करणारा खरेदीदारच अशा रीतीने ती संपवू शकतो.

म्हणून प्रश्नांचा क्रम बदलला पाहिजे. पहिला प्रश्न घोडीच्या रूपाचा नसून ती कोणत्या कळपातून आली याचा असावा. आई दाखवता येते का, तिची इतर शिंगरे कोठे आहेत, कळप पावसाळ्यानंतर कोणत्या वाटेने जातो? या प्रश्नांना विकणाऱ्याकडे उत्तर नसेल तर पुढचे पाहण्यात अर्थ नाही. दुसरा प्रश्न कामाचा : ती ओझे घेऊन चालली आहे का? तिसरा शरीराचा, आणि तो झेनोफनप्रमाणे खुरापासून वर जावा. टाच रुंद आहे का, खुराला चिरा आहेत का, कठीण जमिनीवर दुडकी चालीत चारही पाय सारखे पडतात का, हे पाहावे.

वयासाठी दात पाहावेत. समोरच्या दातांची पहिली पक्की जोडी साधारण अडीच वर्षांनी येते, दुसरी साडेतीन आणि तिसरी साडेचार वर्षांनी. त्यानंतर दातांच्या खळग्यांच्या झिजेवरून अंदाज बांधतात. दान मिळालेल्या घोड्याचे दात पाहू नयेत ही म्हण युरोपात संत जेरोमच्या काळीही रूढ होती. आपल्याकडे घोड्याच्या जागी गाय आली आणि ‘धर्माची गाय, दात का गे नाय’ अशी ती थट्टेखोर झाली. विकत घेताना मात्र दोन्हीकडचा सल्ला एकच निघतो. शेवटी रक्ताची तपासणी. ग्लँडर्स हा रोग घोड्याकडून माणसाला होऊ शकतो आणि कायद्याने तो कळवावा लागतो. त्याची चाचणी झाल्याशिवाय घोडे आणू नये, आपल्या तबेल्यातील इतरांत तर मुळीच मिसळू नये.

या क्रमात भोवरा आणि पंचकल्याण कोठे बसतात? ते वर्ज्य करावेत असे मी म्हणणार नाही. शतकानुशतके माणसाने घोड्याच्या अंगावर आपले भविष्य वाचले, हा सांस्कृतिक इतिहासाचा मौल्यवान भाग आहे आणि घोडेवाल्यांशी बोलण्याची ती भाषाही आहे. मात्र ती भाषा ‘ही घोडी माझ्यासाठी शुभ आहे का’ याचे उत्तर देते. ‘ही घोडी भीमथडी आहे का’ याचे नाही. दोन निराळ्या प्रश्नांना एकच उत्तर चालवून घेतले, हीच माझी चूक होती.

स्नेह्यांनी ती घोडी परत केली नाही. तिचा काय दोष, असे त्यांचे म्हणणे. ती आता ग्वारीघाटावरच्या घोडेवाल्यांच्या शेजारीच बांधलेली असते. तिला भीमथडी म्हणून वीण द्यायची नाही, एवढे त्यांनी ठरवले आहे, आणि माझ्या दृष्टीने तो या व्यवहारातील सर्वांत समंजस निर्णय होय. दुसरी घोडी घेण्याचा विचार त्यांनी सोडलेला नाही. मात्र येत्या हिवाळ्यात ते पैसे घेऊन बाजारात जाणार नाहीत. भीमेच्या खोऱ्यातल्या एका वाड्याबरोबर आठवडाभर चालण्याचे त्यांनी ठरवले असून मलाही बरोबर येण्याचा आग्रह धरला आहे. ग्रंथ घरी ठेवून यावे, ही त्यांची अट आहे.